आधीच घेतलेला श्वास

माझं काम लोकांचे श्वास कापण्याचं. ऐकायला खाटकाचा धंदा वाटतो, पण गोष्ट साधी आहे. आमच्या स्टुडिओत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणारा माणूस वाक्यावाक्याला श्वास घेतो आणि माइक तोंडाशी असल्यामुळे तो श्वास ऐकणाऱ्याच्या मानेवर आल्यासारखा वाटतो. म्हणून मी तो काढतो. एकेक शोधायचा, दोन्ही बाजूंनी कापायचा, फेकून द्यायचा. स्टुडिओत मला सगळे 'कात्री' म्हणतात. माझं खरं नाव मालकांनाही पगाराच्या दिवशीच आठवत असावं.

नुसतं कापून भागत नाही. श्वास काढला की तिथं भोक पडतं आणि ते कानाला खटकतं. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक आवाज असतो. तो मधेच गायब झाला तर ऐकणारा दचकतो. त्यामुळे रोज काम सुरू होण्याआधी, बूथमध्ये कुणी नसताना, मी माइक चालू ठेवून थोडी शांतता रेकॉर्ड करतो. आमच्याकडे याला 'खोली घेणं' म्हणतात. मग जिथं श्वास कापला तिथं त्या खोलीचा तुकडा चिकटवायचा, फाटलेल्या सदऱ्याला त्याच कापडाचं ठिगळ लावतात तसा. ठिगळ जमलं की कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि यातच माझी हुशारी. लोकांच्या लक्षात न येणं हीच ज्याची कला, त्याचं कौतुक कोण करणार?

स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे. खाली चष्म्यांचं दुकान. बूथ म्हणजे दुहेरी काचेची, आतून जाड कापड लावलेली खोली. एक टेबल, एक खुर्ची, माइक, वर हवेसाठी जाळी. दार लावलं की रस्ता, दुकान, पायऱ्या सगळं एकदम बंद पडतं आणि आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. नव्या माणसाला तिथं दहा मिनिटांत घाम फुटतो.

माझ्या ताईला मात्र ती जागा माहेरासारखी वाटायची. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी तिच्या आवाजाला. मला इथं चिकटवलंही तिनंच. वशिल्याचं तट्टू म्हणतात ते मीच. लहानपणी आम्हां दोघांची एकच खोली होती. ती मला मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवायची, दिवा मालवायची, आणि मग अंधारात तिचा श्वास ऐकू यायचा. तिच्या नाकाचं हाड डावीकडे जरा वाकडं आहे. त्यामुळे श्वास आत घेताना शेवटी बारीकशी शीळ वाजते. त्या शिळेवर मला झोप लागायची. इतरांचे श्वास मी डोळे झाकून फेकतो, पण ताईचे कापताना आजही हात जरा अडतो. खोटं कशाला बोलू?

तिचं दुखणं सुरू झालं खाकरण्यापासून. सकाळी आवाज बसलेला, दुपारी घशात काहीतरी अडकल्यासारखं. गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी येत नाही.

"घशात वाटाणा बसलाय," ती म्हणायची.

"वाटाणा असता तर एव्हाना मोड आला असता," भाऊजी म्हणाले. भाऊजी शाळेत गणित शिकवतात आणि असल्या विनोदांवर स्वतःच हसतात.

तेव्हा ती एक जाडजूड कादंबरी वाचत होती. एका सकाळी तिनं एक लांबलचक वाक्य संपवलं, श्वासासाठी तोंड उघडलं, आणि आत काही गेलंच नाही. काचेच्या या बाजूनं मी बघत होतो. तिनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा एक घोगरा, किरकिरा आवाज तिच्या गळ्यातून आला. मी दार उघडून आत जाईपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. मग एकाएकी सुटलं. ती ढसाढसा रडली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं आणि पंप दिला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पंप ओढून ओढून तिचे हात थरथरायला लागले. श्वास अडकायची ती 'अटक' काही थांबेना. शेवटी आम्ही घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नाकातून केसासारखा बारीक कॅमेरा आत सोडला आणि समोरच्या पडद्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा ताईचा आवाज बघितला. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यांच्या मागची जागा लालभडक, सुजलेली.

"पोटातलं आम्ल वर येतंय," बाई म्हणाल्या. "छातीत जळजळ होईलच असं नाही, पण इथं त्याचे चटके बसतात. मग या पट्ट्या चिडखोर होतात. श्वास घेताना पट्ट्यांनी बाजूला व्हायचं असतं. यांच्या नेमक्या तेव्हाच मिटतात."

"म्हणजे उघडायच्या वेळी दार बंद," मी म्हणालो.

"तसंच. फुप्फुसं ठणठणीत आहेत, म्हणून तर पंप चालत नाही. घाबरायचं नाही. वेळ लागेल, पण बरं होतं हे."

आमचा जीव भांड्यात पडला. कॉफी बंद झाली, आंबट-तळलेलं बंद झालं, रात्रीचं जेवण संध्याकाळवर आलं. पलंगाचं उशाकडचं टोक विटा लावून उंच केलं. "सकाळी मी पायथ्याशी सापडतो," भाऊजी सांगायचे. श्वासाचे व्यायाम शिकवायला एक बाई होत्या. अटक आली की तोंडानं ओढायचं नाही. फूल हुंगल्यासारखं नाकानं थोडंसं घ्यायचं आणि ओठांचा चंबू करून हळू सोडायचं, असं त्यांनी घोटून घेतलं. ताईबरोबर मीही ते पाठ केलं.

घरी ती सुधारली. बूथमध्ये नाही. तिथं दार लावून वाचायला बसली की एक तरी अटक ठरलेली. डॉक्टरीणबाईंकडे त्याचंही उत्तर होतं. बसण्याची पद्धत, पोटावरचा ताण, आता अटक येईल ही भीती. मला ते पटलं. मी पटवून घेणारा माणूस आहे. भुताखेतांच्या गोष्टी कापून साफ करतो, पण त्यांवर विश्वास ठेवत नाही.

मनात पाल चुकचुकली ती कापायला बसल्यावर. त्या पहिल्या अटकेची जागा मी रेकॉर्डिंगमध्ये शोधली. ते लांबलचक वाक्य संपलं. त्यानंतर गुदमरल्याचा तो घोगरा आवाज यायला हवा होता. तो आला, पण थोड्या वेळानं. त्याच्या आधी, वाक्य संपल्या संपल्या, एक श्वास होता. खोल, सावकाश, भरपेट. उन्हातून आलेला माणूस पाणी पिताना घेतो तसा समाधानाचा. मी माझ्या डोळ्यांनी तिला टेबल धरून तडफडताना पाहिलं होतं, आणि इथं कुणीतरी छाती भरून हवा घेत होतं.

मी तो पुन्हा ऐकला. शेवटी शीळ नव्हती.

मालकांना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावला, मान हलवली. "छान दमदार श्वास आहे की. काप."

"हा ताईचा नाही."

"मग काय तुझा आहे?" ते हसले आणि फोनवर बोलत निघून गेले.

मी पुढच्या अटकांच्या जागा काढल्या. प्रत्येक ठिकाणी तेच. तिचं वाक्य संपायचं, तो लांब श्वास यायचा, आणि मग तिची ओढाताण सुरू व्हायची. तिचे नेहमीचे, शीळ असलेले श्वास इतर ठिकाणी होतेच, पण जसजसं पुस्तक पुढं सरकत होतं तसतसे ते कमी आणि आखूड होत होते. दुसऱ्या कुणाचा आवाज माइकवर येतोय म्हणावं तर आत दुसरं कुणी मावतही नाही. मग मला 'खोली' आठवली. आत कुणी नसताना घेतलेली शांतता. ती मी कधी ऐकत नाही, नुसती चिकटवतो. ठिगळाकडे कोण निरखून बघतं?

मी आवाज शेवटपर्यंत वाढवून ऐकली. आधी जाळीतली हवा. मग तिच्या तळाशी, फार लांबून आल्यासारखा, श्वास. आत जाणारा. थोडी शांतता. पुन्हा आत जाणारा. मी बराच वेळ ऐकत बसलो. बाहेर येणारा श्वास एकदाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारागीर बोलावून जाळी उघडून घेतली. आत नळी होती, धूळ होती, एक मेलेली माशी होती. "पाइप हवा ओढतो साहेब, तोच आवाज," कारागीर म्हणाला. मी त्या दिवशी नळी पूर्ण बंद करून, वर चिकटपट्टी लावून पुन्हा खोली घेतली. श्वास होताच. आणि आता तो ऐकायला आवाज फारसा वाढवावा लागत नव्हता.

ताईला सांगावं की नाही? आजारी माणसाच्या डोक्यात नाही ते भरवायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. पण पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि तिला तिथं परत पाठवायची माझी तयारी नव्हती. मी तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, "शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणाला तरी वाचू दे."

"एवढं पुस्तक ओढलं आणि शेवट दुसऱ्यानं वाचायचा? वेडा आहेस का छोट्या?"

"त्या बूथमध्ये तुला त्रास होतो."

ती हातातल्या कपाचा कान बोटानं चोळत राहिली. मग म्हणाली, "तुला एक सांगू? हसायचं नाही. अटक येते ना, तेव्हा घसा बंद झाल्यासारखं मला वाटतच नाही. मी श्वास घ्यायला जाते, आणि तो आधीच घेतलेला असतो."

"कुणी?"

"डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं मी. त्या म्हणाल्या, भीतीनं असं वाटतं." तिनं कप खाली ठेवला. "असेलही. एकच प्रकरण आहे रे. ते झालं की पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. मग तर झालं?"

मी हो म्हणालो. तिच्यापुढे माझं आजवर कधी चाललंय?

शेवटच्या दिवशी भर दुपारी ती वाचायला बसली. बूथचं दार मी किंचित उघडं ठेवलं होतं. रस्त्याचा आवाज आला तर येऊ दे, नंतर बघू म्हटलं. तिनं सुंदर वाचलं. शेवटचं पान उलटलं, आणि अडकलं.

या वेळी तो घोगरा आवाजही आला नाही. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि काहीही नाही.

मी आत धावलो. तिचे खांदे धरले. "नाकानं. फूल हुंग. थोडंसंच. हं. आता सोड. पुन्हा हुंग."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. माझ्या कानापाशी, तिच्या नाही तर माझ्याच मागच्या बाजूला, कुणीतरी निवांत श्वास घेतला. मी वळून पाहिलं नाही.

"हुंग, ताई."

आणि सुटलं. तिच्या छातीत हवा गेली. ती खुर्चीत मागं कलली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सरक. चार ओळी राहिल्यात." त्या चार ओळी वाचूनच ती उठली.

भाऊजी तिला घरी घेऊन गेले आणि मी संगणकापुढे बसलो. मला राग आला होता. असा राग मला सहसा येत नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. नको असलेल्या आवाजाचा नमुना निवडून दाखवायचा. मग तो आवाज अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये जिथं असेल तिथून प्रोग्रॅम स्वतःच पुसतो आणि जागा खोलीच्या तुकड्यानं भरतो. पोलिसांच्या कुत्र्याला रुमाल हुंगवतात ना, तसं. एरवी पंख्याची घरघर काढायला मी ते वापरतो. त्या दिवशी म्हटलं, हा जो कोण आहे त्याला मुळापासूनच काढतो.

इतक्या वर्षांनी मला श्वास ऐकावा लागत नाही. पडद्यावर उमटणाऱ्या लहरीच्या आकारावरून कळतो. ताईचे आखूड, चिमटलेले. त्याचे लांब आणि फुगीर. शेवटच्या पानापाशी एक भलामोठा फुगीर आकार दिसला. मी तो निवडला आणि सगळ्या पुस्तकातून पुसून टाक म्हणून हुकूम दिला. काम संपल्यावर इकडचं तिकडचं थोडं ऐकलं, वाक्यं स्वच्छ होती. फाइल तशीच जतन केली आणि घरी जाऊन छान झोपलो.

सकाळी भाऊजींचा फोन. "अरे, चमत्कार! कालपासून एकदा खाकरली नाही. आवाज बघ कसा मोकळा झालाय."

पाठोपाठ डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लाली उतरलेली, पट्ट्या शांत. "म्हटलं होतं ना, बरं होतं," त्या म्हणाल्या. विटा निघाल्या, भाऊजी पलंगावर जागच्या जागी सापडायला लागले. मी इतका खूश होतो की मालकांनाही चहा पाजला.

मग एक दिवस मालक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "कात्री, पुस्तकात श्वास राहिलेत. ऐकणाऱ्यांनी कळवलंय. जागोजाग आहेत म्हणे."

मी फाइल उघडली. पहिल्या पानापासून तो होता. लांब, भरपेट, समाधानाचा. जिथं आधी नव्हता अशा ठिगळांमध्येसुद्धा होता. ताईचा एकही नव्हता. आखूड नाही, लांब नाही, शीळ नाही. अख्ख्या पुस्तकात तिचा एक श्वास उरला नव्हता.

नमुना म्हणून निवडलेला तुकडा प्रोग्रॅमनं वेगळा ठेवलेला असतो. तो मी कानांनी ऐकला. आधी माझाच आवाज, अर्धवट कापलेला. "...ग, ताई." मग श्वास. मोठा, खोल, कितीतरी महिन्यांनी तिला मिळालेला पहिला पुरा श्वास. आणि अगदी शेवटी, बारीकशी शीळ.

मी उलटा हुकूम देऊन पाहिला. नवी फाइल जुनीच्याच जागी जतन झाली होती. परत आणण्यासारखं काही नव्हतं. मी तसाच उठलो आणि ताईकडे गेलो.

ती गॅलरीत उन्हात बसली होती. गाल भरले होते, रंग उजळला होता. खाली रस्त्यावर दुपारची वर्दळ, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. स्वयंपाकघरात भाऊजी केटली ठेवत होते.

"आलास? बस. नवीन पुस्तक आलंय माझ्याकडे. ऐक, सुरुवात ऐक."

"ताई, तुला बरं वाटतंय ना?"

"इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. दमायलाच होत नाही रे. ऐक."

ती वाचू लागली. आवाज भरदार, लख्ख. मी तिच्या छातीकडे बघत होतो. पहिलं वाक्य संपलं. पदर जागचा हलला नाही. दुसरं सुरू झालं.

शीळ आली नाही. श्वासही आला नाही. दोन वाक्यांच्या मध्ये जेवढी जागा सोडायची तेवढी ती बरोबर सोडत होती, आणि ती जागा रिकामी होती.

मग मला ते ऐकू आलं. त्या प्रत्येक जागेत रस्ता बंद पडत होता. हातोड्याचा ठोका अर्ध्यात तुटत होता. तेवढ्यापुरती जाळीतली हवा वाहायची, जाड कापड लावलेल्या खोलीतली. मग ती पुढचं वाक्य उचलायची आणि रस्ता पुन्हा चालू व्हायचा.

ठिगळ उत्तम जमलं होतं. मी सोडून कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

तिनं मान वर केली. "असा काय बघतोस? किती वेळ श्वास रोखून बसलायस. घे की."

आत केटली शिट्टी मारायला लागली. ताई थांबली, पान उलटलं. शिट्टी मधेच कापली गेली, आणि तिनं पुढचं वाक्य सुरू केल्यावर तुटली होती तिथूनच पुन्हा वाजू लागली.